सातबाऱ्यावरची अज्ञान अक्का

पलटणीत मी क्लार्क होतो. हातात बंदूक कमी आणि फायली जास्त, अशी बत्तीस वर्षं काढली. रिटायर होऊन गावी आलो तेव्हा घरातल्यांनी माझ्यावर एकच काम टाकलं. जमिनीच्या कागदांची जुनी पत्र्याची पेटी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, आता हे तू बघ.

आमचं गाव कवठे महांकाळच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. बारा एकर रान, तीन भावांचं. माझे थोरले चुलते, मग माझे वडील आणि मग धाकटे चुलते. तिघंही आता नाहीत. ही जमीन कधी वाटली गेलीच नव्हती, कारण वाटून घेण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मुरमाड माळ. बाजरी, मटकी, आणि साल बरं गेलं तर ज्वारी. माझे वडील फौजेत, त्यांच्यामागं मीही फौजेत. रान कसलं ते थोरल्या चुलत्यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलानं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, बोलायला तुटक, आणि उन्हातान्हात राबून राबून अंगाचा रंगसुद्धा त्या माळासारखा झालेला.

मग कृष्णेचं पाणी आलं. योजनेचं पाणी येणार, हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकत होतो, त्यामुळं ते खरंच येईल असं कुणाला वाटत नव्हतं. पण आलं. सुट्टीवर यायचो तेव्हा दर खेपेला गाव वेगळं दिसायचं. एका वर्षी माळावर डाळिंब, पुढच्या वर्षी द्राक्षाचे मांडव, नंतर चक्क ऊस. ज्या बांधांवरून शेरडं फिरायची, त्या बांधावरून वीत-वीत जागेसाठी लोक भांडायला लागले. हायवेच्या बाजूची रानं प्लॉट पाडून विकली गेली, तिथं पांढऱ्या दगडांच्या रांगा उभ्या राहिल्या. एका भावकीनं आपला पडीक माळ सौर पॅनेलवाल्यांना भाड्यानं दिला.

दादालाही द्राक्षं लावायची होती. ठिबक, मांडव, शेततळं, सगळं त्याच्या डोक्यात आखलेलं होतं. पण त्यासाठी स्वतःचा वेगळा सातबारा पाहिजे. म्हणजे वाटप पाहिजे. म्हणून तो एक दिवस माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तुला कागद कळत्यात न्हवं? मग काढ एकदाचं उतारं."

मी उतारे काढले. दादाचं नाव होतं, माझं होतं, आणि तिसऱ्या वाटणीला धाकट्या चुलत्यांच्या मुलीचं. तिच्या नावापुढं तीन अक्षरं होती, अ.पा.क. आणि पुढं चुलतीचं नाव. अज्ञान पालनकर्ता आई. म्हणजे वारस लहान आहे, तिच्यावतीनं आई बघते.

धाकटे चुलते विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. चुलती तरणीताठी होती, मुलगी आठ वर्षांची. चुलतीचा भाऊ आला आणि दोघींना चिकोडीकडं, कर्नाटकात, घेऊन गेला. मी तेव्हा तीन वर्षांचा. मला त्यातलं काहीच आठवत नाही. दोनतीन वर्षं त्या जत्रेला येत होत्या म्हणे, मग ते थांबलं. चुलती वारल्याचं सुद्धा आम्हाला चार महिन्यांनी कळलं. त्या मुलीचं नाव घरात निघायचं ते फक्त "अक्का" एवढंच, तेही लग्नाच्या यादीत कुणाकुणाला सांगायचं यावर बोलणं निघालं तर.

"अज्ञान?" मी दादाला म्हणालो. "तिची साठी आली असंल."

"कागदावर अज्ञान हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की."

"आवं दादा, तिच्या सहीबिगर वाटप व्हत न्हाई."

दादानं टोपी मागं सरकवली. मग म्हणाला, "हक्कसोड करून घिऊ. जाऊ तिकडं. साडीचोळी करू. ती कशाला मागंल वाटा? पन्नास वर्सात तोंड बघितलं न्हाई तिनं."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती मेढ्याकडची, डोंगरातली. ती भाकरी थापत होती, ती थापायची थांबली.

"मी पण केली होती की हक्कसोड," ती म्हणाली. "भावांनी कागद आणला, मी सही केली. वाचून पण दाखवला नाही मला. पुढं त्यांनी ती डोंगराकडची सगळी जमीन पुण्याच्या पार्टीला विकली. मागल्या वर्षी गेले होते तेव्हा करवंदाच्या जाळीकडं निघाले, तर मधी तारेचं कुंपण. वॉचमन म्हणतो, मॅडम, कुणाकडं आलाय?"

ती हसली, पण मला हसू आलं नाही. परत भाकरीकडं वळून ती म्हणाली, "तुम्ही कागद न्या. पण आवं, तिला सगळा वाचून दाखवा."

पुढच्या सोमवारी दादाच्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर साडी, पेढे आणि मी स्टँप पेपरवर टाइप करून घेतलेली हक्कसोड. मिरज मागं पडलं, पाट्यांवरची अक्षरं बदलली. चुलतीच्या माहेरचं गाव दादाला नावानं माहीत होतं. तिथं एका दुकानात चौकशी केली. दुकानदारानं आधी कन्नडात विचारलं, मग आमचे चेहरे बघून मराठीत सांगितलं, "ती अक्का व्हय? पानमळ्यात असंल बघा. ह्या येळेला दुसरीकडं कुठं असंल!"

मी पानमळा त्याआधी आतून कधी पाहिला नव्हता. बाहेर रखरखीत ऊन, आणि आत पाऊल टाकलं की संध्याकाळ. शेवरी-पांगाऱ्याची उंच सरळ झाडं, प्रत्येक झाडावर नागवेल चढलेली, पानं इतकी दाट की वरचं आभाळ नाण्याएवढं दिसावं. हवेला ओला, तिखट वास.

"चप्पल काढा!" कुठूनतरी आवाज आला.

पानमळ्यात देवळासारखं अनवाणी जायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं; आम्ही दोघं चपला हातात घेऊन उभे राहिलो. वर पाहिलं तर शिडीवर एक बाई. पांढरे केस, साडीचा काचा मारलेला, दातात केळीच्या सोपटाचा दोर. ती वेल झाडाला बांधत होती. दादानं खालूनच गावाचं नाव सांगितलं, तरी ती बांधून झाल्यावरच खाली उतरली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. दादासमोर येऊन उभी राहिली, त्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा उजेडाकडं वळवला. दादाच्या हनुवटीवर एक जुना व्रण आहे.

"हा माझा दगड," ती म्हणाली. "चिंचंसाठी मारला व्हता. चिंच सोडून तुला लागला."

दादा, जो बायकोशीही दिवसातून दहा वाक्यं बोलत नाही, तो त्या पानमळ्यात अनवाणी उभा राहून म्हणाला, "आणि मार मी खाल्ला. झाडावर चढलो म्हणून."

अक्का एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या ओळीतल्या दोन बायका डोकावून बघायला आल्या.

घर तिचं दोन खोल्यांचं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, मुलगी बेळगावला नर्स. जेवताना तिनं सगळं सांगितलं. नवराबायकोनं चाळीस वर्षं दुसऱ्याचे पानमळे वाट्यानं केले, स्वतःचा एक गुंठा कधी नव्हता. आत्ताच्या मळ्याचा मालक म्हातारा झाला, त्याच्या मुलाला पानात रस नाही. पुढच्या साली मळा मोडून तो ऊस लावणार होता.

"मग तुमी काय करणार?" मी विचारलं.

"लेक बोलवतीय बेळगावला. तिसऱ्या मजल्यावर घर हाय. जाईन आणि बसीन," ती म्हणाली. त्या बसण्याच्या कल्पनेनं तिचं तोंड कडू झालेलं दिसत होतं.

जेवण झाल्यावर दादानं माझ्याकडं पाहिलं. मी कागद काढला. तिची शाळा कन्नड, मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "वाच," ती म्हणाली.

मी पहिल्या ओळीपासून वाचला. पलटणीची सवय, एक शब्द गाळायचा नाही. चतुःसीमा वाचल्या, गट नंबर वाचला. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क सोडून देत आहे' इथपर्यंत आलो तेव्हा तिनं हात वर केला.

"राजीखुशीनं म्हंजे माझ्या खुशीनं?"

"व्हय."

"मग आधी माझी खुशी तर इचारा की रं!"

ती चिडली नव्हती. अगदी सरळ विचारत होती. दादानं साडी पुढं सरकवली. तिनं ती घेतली, कपाळाला लावली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "साडी नेसीन. पण मला ते रान आता आठवत बी न्हाई. आधी दावा. मग बोलू."

परत येताना मिरज आल्यावर दादानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "न्हाई करायची ती सही."

"न्हाई करायची," मी म्हणालो.

"तुला आनंद झाल्यागत दिसतोय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यानं बरोबर ओळखलं होतं.

आठ दिवसांनी अक्का एसटीनं आली. तीच साडी नेसून. वहिनीनं म्हणजे दादाच्या बायकोनं उंबऱ्यावर तिच्या पायावर पाणी घातलं, आणि मग आम्ही सगळे रानात गेलो. दादा, वहिनी, मी आणि माझी बायको.

आधी आम्ही पाटाकडचं रान दाखवलं. ते सगळ्यात चांगलं, दादानं दगड वेचून वेचून ते सपाट केलं होतं. अक्कानं खाली बसून माती हातात घेतली, चुरगळली, सोडून दिली. दादाचा जीव वरखाली होताना मला दिसत होता. ती उठून पुढं गेली. मधलं रान पाहिलं, तिथंही तेच. मग ती उतारानं खाली, ओढ्याकडं निघाली. तिकडं आमच्यातलं कुणी फारसं जात नसे. खोलगट जागा, वेड्या बाभळी माजलेल्या, पश्चिमेला उंच ताल, म्हणजे मातीचा बांध. तिथं तिनं बराच वेळ घालवला. एका जागी उभी राहून तोंड पश्चिमेला केलं, पदर हवेत सोडून पाहिला. पदर हलला नाही.

"ही जागा द्या मला," ती म्हणाली. "हितं वारा लागत न्हाई. माती बी पोयट्याची हाय, पाणी धरून ठेवायची न्हाई. हितं पान येतंय बघा."

मला वाटलं, चांगलं रान वाचलं म्हणून दादा खूश होईल. पण तो भडकला. शेततळं त्याला तिथंच करायचं होतं. आणि खरं सांगायचं तर शेततळं हे निमित्त होतं.

"पन्नास वर्सं रान कसलं कुणी?" तो म्हणाला. "दुष्काळात बैलं इकली मी. टँकरच्या मागं घागर घिऊन पळालो. तवा कुणी आलं न्हाई वाटा मागाय. आता पाणी आलं, तशी..."

त्यानं वाक्य अर्धं सोडलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या माळावर त्याच्याएवढा घाम कुणीच गाळलेला नाही, मी तर मुळीच नाही. अक्का खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, ही आता परत जाणार.

तेव्हा वहिनी बोलली. दादासमोर चारचौघांत ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. हातातली चहाची किटली तिनं दगडावर ठेवली.

"तुमी कसलं, हे खरं हाय. आणि त्या आठ वर्सांच्या असताना गेल्या, त्यांना आणायला कुणी गेलं न्हाई, हे बी खरं हाय. आपल्या दोन पोरी हायत. तुमच्यामागं त्यांची नावं लागणार, का त्यांच्या दारात बी कुणी असाच कागद आणि साडी घिऊन जाणार? ते मला आत्ता सांगा."

दादा तालीवर जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. माझ्या बायकोनं शांतपणे कपात चहा ओतला, एक कप त्याच्याजवळ नेऊन ठेवला. त्यानं तो प्यायला. रिकामा कप खाली ठेवून, मान न वळवता तो म्हणाला, "शेततळं वरच्या अंगाला बी व्हईल."

एवढंच. पण वहिनीला तेवढं पुरलं. तिनं अक्काचा हात धरला आणि दोघी बाभळी बघायला गेल्या, कुठली आधी काढायची ते ठरवायला.

चार-चार एकरांचं वाटप ठरलं. तहसील कचेरीत तारीख मिळाली तेव्हा आम्ही सगळे गेलो. वऱ्हाड निघाल्यासारखे. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेरच्या लिंबाखाली बसून वाट बघितली. शेवटी पुकारा झाला. कारकून तरुण होता, मान खाली घालून कागद वाचत होता.

"एक नंबर हजर? दोन नंबर हजर? तीन नंबर अज्ञान आहे. पालक आलेत का अज्ञानाचे?"

"मीच ती," अक्का म्हणाली.

कारकुनानं मान वर केली. समोर पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली बाई. त्यानं परत कागदाकडं पाहिलं, परत तिच्याकडं.

"आजी, तुम्ही अज्ञान?"

"आता आता जरा कळाय लागलंय," अक्का म्हणाली.

सगळी कचेरी हसली. पलीकडच्या टेबलावरची बाई हसून हसून खुर्चीत मागं कलली. दादाही हसला, तोंडावर टोपी धरून, पण हसला. मग सहीची वेळ आली. अक्कानं पेन घेतलं आणि गोल गोल कन्नड अक्षरांत, सावकाश, नाव लिहिलं. कारकून घुटमळला. तो कागद आत साहेबांकडं घेऊन गेला. साहेबांनी बाहेर येऊन अक्काकडं पाहिलं, ओळख पटवायला कोण आहे विचारलं, दादा पुढं झाला. "माझी बहीण हाय," तो म्हणाला. साहेबांनी मान हलवली. माझ्या आयुष्यात मी हजारो सह्या पाहिल्या, पुढं पाठवल्या, फायलीला लावल्या. एवढी देखणी सही त्यात नव्हती.

नवा सातबारा हातात आला त्या दिवशी अक्कानं मला तो तीनदा वाचायला लावला. अ.पा.क. गेलं होतं. नुसतं तिचं नाव.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं वर्ष. बेळगावला न जाता अक्का आमच्याकडं गावी राहायला आली. चार एकरांतलं अर्धं एकर तिनं पानासाठी ठेवलं. उरलेलं दादाला म्हणाली, "तूच कस, वाट्यानं. तुझ्याएवढं हे रान मला कळत न्हाई." दादा नको नको म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन गेला. पानमळ्याच्या कामाला मात्र तिनं मला धरलं. "पेन्शनवाला हायस, बसून काय करतोस?" बाभळी निघाल्या, वाफे पडले, शेवरी आणि पांगारा लावला. गावात लोक विचारायचे, ह्या माळावर पान? ते कडेनं जाताना मुद्दाम थांबायचे. शेवरी कमरेला लागली तेव्हा अक्कानं आपल्या जुन्या मळ्यातून वेलीच्या कांड्या आणल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर, लेकरासारख्या मांडीवर घेऊन.

वेल बांधायला मी शिकलो ते शिव्या खात. गाठ घट्ट बसली की "साकु, साकु!", सैल पडली की डोक्यात टपली. हळू झालो की "बेगा!" आता कन्नडातलं 'पुरे' आणि 'लवकर' हे दोन शब्द माझ्या बायकोनंही उचललेत, आणि ती ते माझ्यावरच वापरते. तिचं आणि अक्काचं तर असं जमलं की मला जेवायला कधी कधी पानमळ्यातच जावं लागायचं. दोघी वेलींच्या मधून बोलत असायच्या, एकीला दुसरी दिसायची नाही, आणि गप्पा चालू.

पहिली खुडणी झाली तेव्हा मिरजेचे एक पानाचे व्यापारी आले, आजोबांपासून तोच धंदा असलेले. त्यांनी एक पान उचललं, देठ पाहिला, पाठीमागं फिरवून पाहिलं.

"ही खुडणी चिकोडीकडची," ते म्हणाले. "हा हात मी वळखतो. अक्का, तुम्ही हितं कुठं?"

"माझ्या रानात," अक्का म्हणाली.

ते शब्द ती पहिल्यांदाच बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर तिनं उगीचच पदर सारखा केला आणि पानं मोजायला बसली. वहिनी, माझी बायको, मी, आम्ही सगळेच कामात असल्यासारखं दाखवलं.

दादाची द्राक्षं वरच्या अंगाला उभी राहिली, पाटाकडच्या रानात त्याचा ऊस झाला, शेततळ्यात पाणी आलं. सातबाऱ्यावर त्यानं दोन्ही मुलींची नावं आपल्या हयातीतच लावून घेतली. मला न सांगता, स्वतःच अर्ज देऊन. सोलापूरला दिलेली त्याची धाकटी मुलगी आली तेव्हा तिला सगळं रान पायी फिरवून आणलं.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. मी मळ्यात होतो. दादा आला, चपला बाहेर काढल्या, आत येऊन इकडंतिकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "अक्के, पाटाकडचा अर्धा एकर ऊस मोडतोय मी. तोडणीनंतर फुटलेला खोडवा काय म्हनावा तसा न्हाई. तिथं पान लावलं तर?"

"तिथं वारा लागतो," अक्का शिडीवरूनच म्हणाली.

"मग कडंनं शेवगा लावू की. दाट."

"शेवग्यानं भागत न्हाई रं. पश्चिमेला दुहेरी रांग पायजे. आणि माती भरावी लागंल."

"भरू की. ट्रॅक्टर हाय."

"कवा?"

"आत्ता चल की. बघून तर घे."

अक्का शिडीवरून उतरली. दोघं उतारावरून वर निघाले, ती पुढं, तो मागं. रांगा पूर्व-पश्चिम घ्यायच्या का उत्तर-दक्षिण, यावर त्यांचं वाजायला सुरुवात झाली होती. पाटापाशी पोचेपर्यंत दोघांचे आवाज चढले. दादा हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि अक्का कमरेवर हात ठेवून, मान हलवून, नाही म्हणत होती.